ट्रॉफी नसती मिळाली तरी चाललं असतं, मग रडत का होते सगळे?

२१ मार्च २०२५, शुक्रवार. रात्रीचे दहा-साडेदहा झाले असतील, मी बॉस्टनच्या ऑरेंज लाइनने मॉल्डनला घरी चालले होते, डबा जवळपास रिकामा, आणि नॉर्थ स्टेशनला दार उघडलं तर जी गर्दी आत घुसली ना, क्षणभर वाटलं दादर आलं. सगळे निळ्या जर्सीत. कुणाच्या गालावर अस्वलाचा पंजा रंगवलेला, कुणाचं पोरगं खांद्यावर झोपलेलं, एकाचा आवाज इतका बसलेला की तो नुसते ओठ हलवत होता. माझ्या शेजारी एक आजोबा बसले, सत्तरीचे असतील, जर्सी जुनी, कोपरावर वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केलेलं, आणि डोळे पाणावलेले.

मी विचारलं, काय जिंकलात? म्हणाले, हॉकी ईस्ट. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, वा, म्हणजे आता नॅशनलला जाणार तुम्ही! तर ते हसायलाच लागले. म्हणाले, अगं नॅशनलचं आमचं आधीच ठरलेलं होतं, आज हरलो असतो तरी जाणारच होतो. आणि पुन्हा डोळे पुसले.

आता मला सांगा, हरले असते तरी पुढे जाणारच होते, मग हे एवढं कशासाठी? मी मॉल्डनला उतरले, घरी गेले, आणि पुढचा आठवडाभर हेच, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं प्रकरण, वाचत बसले. प्रकरण वाटतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, म्हणून म्हटलं आपल्या भाषेत लिहून टाकावं.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. हॉकी म्हटलं की आपल्याला मैदान आठवतं, धनराज पिल्ले आठवतो, पुणेकरांना खडकी आठवते. अमेरिकेत नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची, आपली हॉकी म्हणजे तिथे 'फील्ड हॉकी' असं वेगळं सांगावं लागतं आणि कॉलेजात ती मुलीच खेळतात. बर्फावरच्या हॉकीत एका टीमचे गोलकीपर धरून सहा जण, बॉलच्या जागी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. स्पीड एवढा की एक खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतो आणि बेंचवर येऊन बसतो, तेवढ्यात दुसरा उडी मारून आत. फाउल केला की दोन मिनिटं काचेच्या खोलीत शिक्षा, तोवर टीम एक माणूस कमी घेऊन खेळणार. एवढं कळलं तरी मॅच बघता येते, मी तरी एवढ्यावरच बघते.

फक्त ओव्हरटाइमचं सांगायलाच हवं. साध्या लीग मॅचमध्ये बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीन-तीन जण खेळवून बघतात. पण नॉकआउट सुरू झालं की तसलं काही नाही, पुन्हा वीस मिनिटांचा अख्खा पिरियड, पूर्ण टीम, जो पहिला गोल करेल तो जिंकला, आणि नाही झाला गोल तर अजून वीस, नाही झाला तर अजून वीस. २०१५ मध्ये याच हॉकी ईस्टच्या पहिल्या फेरीत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ आणि नोत्र दाम यांची मॅच पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत गेली, १५१ मिनिटं ४२ सेकंद, म्हणजे एका तिकिटात अडीच मॅच. पुरुषांच्या कॉलेज हॉकीत तेवढी लांब मॅच त्याआधी झाली नव्हती. असल्या खेळात लोकांचे आवाज बसणार नाहीत तर काय.

आता मुख्य घोळ. कॉन्फरन्स.

कॉन्फरन्स म्हणजे मीटिंग नव्हे. अमेरिकेत पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या, डिव्हिजन वनच्या, साठहून जास्त कॉलेज टीम आहेत आणि देश केवढा मोठा, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर पोरं विमानातच ग्रॅज्युएट होतील. म्हणून गट पाडलेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, हॉकीत असे सहा. बिग टेन मुख्यतः मिडवेस्टमधल्या मोठ्या विद्यापीठांची, ईसीएसी म्हणजे कॉर्नेल, हार्वर्ड वगैरे मंडळी, आणि हॉकी ईस्ट म्हणजे न्यू इंग्लंडमधली, अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली, अकरा कॉलेजं. न्यू इंग्लंडमध्ये राज्यं सहा आणि सहाही राज्यांतलं निदान एकेक कॉलेज यात आहे. बॉस्टन शहरात आणि त्याला चिकटूनच तीन, बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि नॉर्थईस्टर्न. (पहिल्या दोघांची नावं मिसळली तर इथले लोक मनापासून रागावतात, मी एकदा ऑफिसात मिसळली होती, अजून ऐकवतात.) ही कॉन्फरन्स तशी जुनी नाही, १९८४ साली ईसीएसीतून काही कॉलेजं फुटून बाहेर पडली आणि आपला वेगळा संसार मांडला. त्यात पुढाकार होता प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या लू लॅमोरिएलोंचा, म्हणून चॅम्पियनशिपच्या ट्रॉफीला त्यांचंच नाव आहे.

आणि इथे एक नाही, दोन विजेते असतात, हे मला कळायलाच दोन दिवस लागले. हिवाळाभर लीग चालते, तिच्यात पॉइंटवर जो पहिला येईल तो सीझनचा विजेता. मग मार्चमध्ये त्याच अकरा टीमची नॉकआउट स्पर्धा, हरला की घरी. ती जिंकणारा तो कॉन्फरन्सचा चॅम्पियन. सेमीफायनल आणि फायनल बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये होतात, म्हणजे नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावरच, म्हणून ती सगळी जत्रा माझ्या डब्यात.

याच्यापुढे राष्ट्रीय स्पर्धा. तिच्यात सोळा टीम. पंगत समजा, सोळाच पानं मांडलीत. त्यातली सहा पानं मानाची, सहा कॉन्फरन्सच्या सहा नॉकआउट विजेत्यांची, सीझनभर तुम्ही कसेही खेळलेला असा, ती ट्रॉफी जिंकलात की बसा, कुणी उठवू शकत नाही. उरलेली दहा पानं हिशेबाने वाटतात. त्या सीझनपर्यंत हा हिशेब पेअरवाइज नावाच्या पद्धतीने व्हायचा, म्हणजे प्रत्येक टीमची दुसऱ्या प्रत्येक टीमशी एकेक करून तुलना, एकमेकांत खेळले तेव्हा कोण जिंकलं, दोघांच्या कॉमन विरोधकांशी कुणाचं बरं, आणि एक आरपीआय नावाचा आकडा. त्या आकड्यात गंमत अशी की तुमच्या स्वतःच्या जिंकण्या-हरण्याला वजन फक्त २५ टक्के, बाकी सगळं तुमचे विरोधक कसे खेळले आणि त्यांचे विरोधक कसे खेळले याला. म्हणजे तुमचे मार्क शेजाऱ्याच्या पोराच्या अभ्यासावर अवलंबून. हे ऐकून मला आमचे रिलेटिव्ह ग्रेडिंगवाले सर आठवले. २०२५-२६ पासून पेअरवाइज काढून एनपीआय नावाचं नवीन गणित आणलंय पण तत्त्व तेच, पंचांनी बसून मतं द्यायची नाहीत, कॅल्क्युलेटर सांगेल ते ऐकायचं.

हे सगळं एका वीकएंडला कसं दिसतं ते बघा, मग डोक्यात बसेल.

बॉस्टन कॉलेज त्या वर्षी हॉकी ईस्टच्या सीझनचं विजेतं. नॉकआउटच्या क्वार्टरफायनलला नॉर्थईस्टर्नकडून हरलं, बाहेर. पण हिशेबात त्यांचे मार्क एवढे जास्त की राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनाच देशात पहिलं सीडिंग मिळालं. म्हणजे घरच्या परीक्षेत नापास आणि बोर्डात पहिला.

कॉर्नेलचं बरोबर उलटं. हिशेबाने त्यांना पान मिळण्यासारखं नव्हतं, फायनल जिंकली तरच पुढे, नाहीतर सीझन संपला, आणि त्यांचे कोच माइक शेफर त्या सीझनला रिटायर होणार होते. शनिवारी लेक प्लॅसिडला त्यांनी क्लार्कसनला ३-१ हरवलं आणि ईसीएसीची ट्रॉफी घेऊन मानाच्या पानावर जाऊन बसले. असं हिशेबाबाहेरचं कुणी जिंकलं की हिशेबातल्या दहाव्याचं पान जातं, तो बिचारा हजार मैलांवर टीव्हीसमोर बसलेला असतो, स्वतःची मॅचही नसते, आणि दुसऱ्याच कुणाच्या गोलाने त्याचा सीझन संपतो. अशा टीमला इथे सरळ 'चोर' म्हणतात, जागा चोरणारा, पण शिवी म्हणून नाही, कौतुकानेच.

आणि बेंटली. बॉस्टनच्या बाजूला वॉल्थममधलं बिझनेसचं कॉलेज, आपल्याकडची मुलंही मास्टर्सला येतात इथे. त्यांनी त्याच वीकएंडला अटलांटिक हॉकीची फायनल जिंकली आणि इतिहासात पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत गेले. त्यांच्यासाठी ती ट्रॉफी म्हणजे दारच उघडलं.

म्हणजे कॉर्नेलवाले नाचले तर समजतं, बेंटलीवाले नाचले तर समजतंच समजतं. पण माझ्या डब्यातले लोक मेनचे होते. युनिव्हर्सिटी ऑफ मेन, ब्लॅक बेअर्स. हिशेबात ते वरच होते, त्यांचं पान पक्कं होतं. फायनलला समोर कनेक्टिकट, त्यांचंही पक्कं. त्या रात्री गार्डनमध्ये जे काही चाललं होतं त्याने ना हा आत येणार होता ना तो बाहेर जाणार होता. मेनने ५-२ जिंकली.

(दोन्ही टीम निळ्या, हा अजून एक घोळ. डब्यात एक कोपरा गप्प बसलेला होता, मला वाटलं हे काय जिंकून दमलेत का, नंतर लक्षात आलं ते कनेक्टिकटवाले.)

तर मग का? आता इथून खरी गोष्ट, आणि ती बर्फावर कमी आणि नकाशावर जास्त आहे.

मेन हे राज्याचं नाव, 'मेन रोड'मधलं मेन नव्हे. अमेरिकेच्या ईशान्येचं टोक, पलीकडे कॅनडा. आकाराने महाराष्ट्राच्या तीस टक्के वगैरे, पण माणसं १४ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या नाशिक शहराहून कमी. बाकी जंगल, समुद्र आणि बर्फ. या राज्यात एनएचएलची (व्यावसायिक हॉकी) टीम नाही, एनबीएची (बास्केटबॉल) नाही, एनएफएलची (अमेरिकन फुटबॉल) नाही, बेसबॉलच्या मोठ्या लीगची नाही. सगळं मोठं काय ते बॉस्टनचं, आणि बॉस्टनशी यांचं नातं कसलं तर १८२० पर्यंत मेन हे वेगळं राज्यच नव्हतं, मॅसॅच्युसेट्सचा एक भाग होता. वाटणी होऊन दोनशे वर्षं झाली पण भाऊबंदकी कुठे जाते.

विद्यापीठ आहे ओरोनोला, बॉस्टनपासून गाडीने चार तासांवर. गाव अकरा-बारा हजारांचं. तिथलं स्टेडियम म्हणजे अल्फोंड अरीना, १९७७ मध्ये सुरू झालं, पाच हजारांच्या वर माणसं बसतात, म्हणजे गावाच्या जवळजवळ निम्मी. शेअर बाजारवाल्यांसाठी जाता जाता सांगते, हे अल्फोंड म्हणजे हॅरल्ड अल्फोंड, डेक्स्टर शू कंपनीचे मालक. १९९३ मध्ये वॉरन बफेने ती कंपनी बर्कशायरचे शेअर देऊन घेतली आणि पुढे स्वतःच लिहिलं की माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा हा. अल्फोंडसाहेबांसाठी अर्थातच तो तसा नव्हता, आणि त्या घराण्याचा पैसा मेनमध्ये अजून दवाखान्यांत, कॉलेजांत, खेळांत मुरतोय.

तर त्याच १९९३ मध्ये या जंगलातल्या टीमने काय केलं, तर सीझनला ४२ मॅच जिंकल्या, एक हरली, दोन बरोबरीत. शेवटच्या फायनलला लेक सुपीरियर स्टेटविरुद्ध तिसरा पिरियड सुरू होताना दोन गोलांनी मागे होते, आणि जिम मॉन्टगोमेरीने त्या एका पिरियडमध्ये तीन गोल मारले, तिन्ही पास पॉल कारियाचे. पहिल्या वर्षाचा पोरगा हा कारिया. ५-४. मेनची पहिली राष्ट्रीय चॅम्पियनशिप. दुसरी १९९९ ला, शेजारच्याच न्यू हॅम्पशरला ओव्हरटाइममध्ये हरवून. दोन्ही वेळा कोच शॉन वॉल्श. मधे नियमभंगाची चौकशी, वॉल्शना वर्षभराचं निलंबन, ते सगळं झालं, तरी परत येऊन जिंकले. २००१ मध्ये किडनीच्या कॅन्सरने वारले, ४६ वर्षांचे होते.

त्या रात्रीच्या आधीची हॉकी ईस्टची शेवटची ट्रॉफी २००४ ला, तीही तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये. आणि मग संपलं. लगेच नाही, हळूहळू, चांगल्या घरातली माणसं कमी होत जातात तसं. २०१२ नंतर तर राष्ट्रीय स्पर्धेतच जाणं बंद झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोच रेड गेंड्रन अचानक गेले, १९९३ च्या टीमचे असिस्टंट होते ते. त्यांच्या जागी बेन बार आले, मॅसॅच्युसेट्सच्या चॅम्पियन टीमचे असिस्टंट, आणि त्यांच्या पहिल्या सीझनला मेन फक्त सात मॅच जिंकलं. सात! अल्फोंडमधले लोक तरी येत होते म्हणतात, एवढ्या थंडीत, हरताना बघायला. मग २०२४ ला बारा वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धा, पहिल्याच मॅचला बाहेर. आणि २०२५ ला ही रात्र, गोलात स्वीडनचा आल्बिन बोइया. एकवीस वर्षांनी. आजोबांची रफू केलेली जर्सी किती सीझन कपाटात आणि किती सीझन अंगावर होती कोण जाणे.

हे झालं मेनचं. पण कॉन्फरन्सच का, राष्ट्रीय का नाही, याचं उत्तर अजून साधं आहे आणि ते मला आजोबांनीच दिलं, मॉल्डन यायच्या आत. ते म्हणाले, इथे मी गाडीने येऊ शकतो.

विचार करा. हॉकी ईस्टची फायनल कुठे आणि केव्हा हे सगळ्यांना आधीपासून माहिती. सुट्टी टाकता येते, चार कुटुंबं मिळून व्हॅन करता येते, गाडी उत्तरेला मॉल्डनसारख्या स्टेशनवर लावून ट्रेनने जाता येतं, म्हणजे मॅच संपल्यावर बॉस्टनच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला नको, सरळ हायवे. गार्डनमध्ये हॉकीला साडेसतरा हजारांहून जास्त माणसं बसतात, अख्खं ओरोनो बसवून वर जागा उरते. राष्ट्रीय स्पर्धेचं काय? रविवारी कळणार कुठे पाठवलंय, आणि गुरुवार-शुक्रवारी तिथे मॅच. मेनला पाठवलं पेन्सिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला. आणि सगळं जिंकत गेलात तर त्या वर्षी शेवट सेंट लुइसला, विमानाने. किती जण जाणार? हे तटस्थ मैदानावरचे राष्ट्रीय राउंड बरेचदा अर्धे रिकामे असतात, ही इथल्या फॅन्सची जुनी कुरकुर आहे, आणि मला ती पटते. पोरं आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच खेळतात आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्या.

म्हणजे सगळं गाव जिथे शेवटचं एकत्र जाऊ शकतं ती जागा कॉन्फरन्सची फायनल. त्याच्यापुढे टीम जाते, गाव मागे राहतं.

आणि विरोधक. राष्ट्रीय स्पर्धेत समोर कोण येईल ते कॅल्क्युलेटर ठरवतो, चेहरा ओळखीचा नसतो. कॉन्फरन्समध्ये चाळीस-चाळीस वर्षांची उणीदुणी असतात. न्यू हॅम्पशरवाले घरच्या मॅचला पहिला गोल झाला की बर्फावर मासा फेकतात, खराखुरा, जॅकेटमधून लपवून आणलेला. पलीकडे ईसीएसीत कॉर्नेलवाले समोरच्या टीमची नावं पुकारताना पेपर उघडून वाचत बसतात, तुम्ही कोण आम्हाला घेणंदेणं नाही. आणि जवळजवळ सगळीकडचा आवडता प्रकार म्हणजे समोरच्या गोलकीपरला गोल खाल्ल्यावर हजारो लोकांनी बोट दाखवून 'सिव्ह, सिव्ह' ओरडायचं. सिव्ह म्हणजे चाळण. साधं, घरगुती, आणि फार लागतं. मी मनातल्या मनात आपल्या 'चाळण, चाळण!'ची चाल लावून बघितली, भरत नाट्य मंदिरात सहज खपेल.

कारण खरं सांगू का, हे सगळं वाचताना मला सतत पुरुषोत्तम करंडकच आठवत होता. पुण्यातल्या मंडळींना सांगायला नको. एकांकिका कॉलेजची, करंडक चांदीचा का पितळेचा कुणाला पडलेली नसते, त्यातून पुढे सिनेमात काम मिळेलच असंही नाही, पण निकालाच्या दिवशी भरतच्या बाहेर 'अरे आवाज कुणाचा' सुरू झालं की पास होऊन पंधरा वर्षं झालेला माणूससुद्धा स्कूटर बाजूला लावून नरडं फाडून कॉलेजचं नाव घेतो. त्याला जाऊन विचारा, यातून तुम्हाला काय मिळालं. मार खाल.

मेनवाल्यांचा 'आवाज कुणाचा' म्हणजे त्यांचं स्टाइन साँग. स्टाइन म्हणजे बीअरचा मोठा मग, विद्यापीठाचं अधिकृत गाणं आहे हे, आणि १९३० मध्ये रूडी व्हॅली नावाच्या गायकाने ते गायलं तेव्हा अमेरिकाभर हिट झालं होतं. कॉलेजचं गाणं आणि देशात हिट, असं रोज होत नाही. बँडवाली पोरं ट्रम्पेट घेऊन ते वाजवतात आणि आजी-आजोबांपासून सगळ्यांना शब्द पाठ. त्या रात्री डब्यात एकाने सुरू केलं, बसलेल्या आवाजाचा तो माणूस होता ना, तोही लागला ओठ हलवायला, आणि आजोबा एका हाताने सीटच्या दांडीवर ठेका धरून. कनेक्टिकटच्या कोपऱ्यातल्या एका मुलीने हळूच कानात इअरफोन घातले.

जिंकल्याचं दृश्य मी नंतर बघितलं, ते या खेळात साधारण सगळीकडे सारखंच असतं. भोंगा वाजला की बेंचवरची सगळी पोरं कठड्यावरून उड्या मारून बर्फावर, ग्लोव्ह्ज हवेत, काठ्या हवेत, हेल्मेट कुठेतरी, आणि सगळ्यांनी पळत जाऊन गोलकीपरच्या अंगावर ढीग करायचा. गोविंदा पथक उलटं कोसळल्यासारखं. बर्फावर इतकं सामान पडलेलं असतं की नंतर कुणाचा ग्लोव्ह कुठला हे शोधावं लागतं. आणि मग, हे मला फार आवडलं, सगळं थांबतं, दोन्ही टीम रांगेत उभ्या राहतात आणि एकेकाशी हात मिळवत जातात, मघाशी एकमेकांना काचेवर आपटणारी हीच पोरं. त्यानंतर ट्रॉफी.

आठवड्याने, २८ मार्चला, मेन अ‍ॅलनटाउनला आपल्या गटातलं पहिलं सीडिंग घेऊन उतरलं आणि पहिल्याच मॅचला पेन स्टेटकडून ५-१ हरलं. पेन स्टेट तर त्या राज्यातलंच. पुढे राष्ट्रीय ट्रॉफी वेस्टर्न मिशिगनने नेली, बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ हरवून, त्यांचीही पहिलीच. मी किचनमध्ये उभी राहून फोनवर ५-१ बघितलं आणि मला वाईट वाटलं, ज्या राज्यात मी एकदाही गेलेली नाही त्याच्यासाठी. मग वाटलं, त्या डब्यातल्या लोकांना वाईट वाटलं असेल का? वाटलं असणारच. पण शुक्रवारची रात्र काही परत घेत नाही कुणी.

मॉल्डनला आजोबाही माझ्याबरोबर उतरले, त्यांची गाडी तिथेच लावलेली होती. मी म्हटलं, आता चार तास गाडी चालवणार, रात्रीचे? इथे राहा की कुठेतरी. म्हणाले, छे छे, रविवारी मेपल संडे आहे. मेनमध्ये मार्चच्या चौथ्या रविवारी मेपल सिरप करणारे लोक आपापली भट्टीघरं लोकांना बघायला उघडी ठेवतात, झाडाचा रस उकळत असतो, आपल्या गुऱ्हाळासारखंच सगळं, फक्त चाळीस लिटर रस आटवला की जेमतेम एक लिटर सिरप. यांचं स्वतःचं छोटंसं आहे. उद्या दिवसभर लाकडं फोडायची होती. मी म्हटलं, पण रविवारीच तर नॅशनलची नावं जाहीर होणार ना, कुठे खेळणार, कुणाशी खेळणार?

ते गाडीची किल्ली शोधत होते, सगळे खिसे चाचपत. म्हणाले, हो, होतील की, कुणीतरी येऊन सांगेल.